उठल्याचा रकाना

सुमनबाईंनी आमच्या शाळेत पहिल्या दिवशी पहिलं काम केलं ते म्हणजे वर्गातली स्वतःची खुर्ची उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवली. मी दारात उभी होते. हातात यादी होती : खडू, हजेरीपट, पाण्याचा माठ, प्रथमोपचाराची पेटी, टेबल एक, खुर्ची एक. खुर्चीपुढे मी नुकतीच बरोबरची खूण केली होती.

"बाई, खुर्ची मोडकी आहे का?"

"नाय मॅडम, चांगली हाय. म्हणून तर बाहेर नेली. चांगल्या खुर्चीतून माणूस लवकर उठत नाय."

एवढं बोलून त्यांनी चपला काढल्या, पदर कमरेला खोचला आणि त्या आत गेल्या. पुढं नऊ वर्षं ती खुर्ची व्हरांड्यातच राहिली. तिच्यावर पालक बसले, मीटर बघायला आलेला माणूस बसला, एकदा तिच्याखाली मांजर व्याली. सुमनबाई तिच्यावर बसल्याचं मला आठवत नाही.

आमची शाळा पुंडलिकनगरातल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर. तीन खोल्या, मागं छोटं अंगण, सगळीकडे शहाबादी फरशी. एका खोलीत ऑफिस आणि दोन खोल्यांत साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांचे दोन वर्ग. मी तिथली मुख्याध्यापिका. मला याद्या करायची सवय आहे. घरी, शाळेत, प्रवासात, माझी वही माझ्याबरोबर असते. सुमनबाईंच्या मुलाखतीसाठीही मी चौदा प्रश्न लिहून नेले होते. तिसरा प्रश्न होता, "वर्ग शांत कसा ठेवाल?" त्यांनी माझ्याकडं काळजीनं बघितलं आणि विचारलं, "का बरं? पोरं आजारी हायत का?" उरलेले अकरा प्रश्न मी विचारले नाहीत. त्यांना घेतलं, पण मनात एक प्रश्नचिन्ह ठेवूनच घेतलं.

त्या पडेगावच्या. तिथल्या अंगणवाडीत त्यांनी बरीच वर्षं मदतनीस म्हणून काढली होती. पन्नाशीच्या घरातल्या, अंगानं बारीक, पण मनगट असं की पाण्याची भरलेली बादली उचलताना खांदा हलायचा नाही. एप्रिलमधल्या जयंतीच्या मिरवणुकीत लेझीमच्या पहिल्या ओळीत त्या असत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत वेळेवर हजर. "लई नाचले काल," एवढंच सांगायच्या. पाय दुखल्याचा उल्लेख नसायचा.

त्यांची हजेरी घ्यायची तऱ्हा वेगळी होती. वर्गाच्या उंबऱ्यापाशी खडूची एक जाड रेघ. ती ओलांडल्याशिवाय कुणी आत यायचं नाही, आणि ओलांडायची ती चालत नाही. सोमवारी बेडूक, मंगळवारी खेकडा, बुधवारी एका पायावर, गुरुवारी सापासारखं पोटावर, शुक्रवारी ज्याला जसं यायचं तसं. मूल आत आलं की बाई त्याचं नाव मोठ्यानं घेत आणि हजेरीपटावर खूण करत. पहिल्या आठवड्यात मी घड्याळ लावलं. माझ्या वेळापत्रकात हजेरीला पाच मिनिटं होती, बाईंना अठरा लागली. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, बसून हजेरी घेतली की पोरगं आलं का नाय तेवढंच कळतंय. अशी घेतली की कसं आलंय ते बी कळतंय." मग बोटांवर मोजत त्यांनी मला सांगितलं, कुणाचा डावा पाय अंमळ कच्चा आहे, कोण काल रात्री झोपलेलं नाही, कुणाला भूक लागली आहे. माझ्या हजेरीपटात यातलं काहीच नव्हतं.

पाणी यायच्या दिवशी त्यांचा खरा उत्साह. आमच्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड येतं, हे इथल्या कुणाला सांगायला नको. त्या सकाळी बाई मुलांना छोटे तांबे देत, आणि सगळी रांग ड्रमपासून मागच्या अंगणातल्या कुंड्यांपर्यंत पाणी वाहायची. न सांडता, दोन्ही हातांनी. मग उरलेल्या पाण्यात जुने रंगाचे ब्रश बुडवून मुलं कुंपणाच्या भिंतीवर अक्षरं काढायची, डोक्यापेक्षा उंच. उन्हात ती वाळून जायची, की पुन्हा काढायची. एका पालकांनी मला फोन केला, "आम्ही मुलाला शिकायला पाठवतो की पाणी भरायला?" बाईंनी त्यांना बोलावून घेतलं, भिंतीपुढं उभं केलं आणि हात डोक्याच्या वर धरून 'क' काढायला लावला. पाचव्या 'क'ला त्यांचा हात खाली आला. "दुखायला लागला ना? पोराचा बी दुखतोय, वहीत. खांद्यात जोर नसला तर बोटानं काय करावं, सांगा."

आणि एक शब्द त्यांच्या वर्गात बंद होता : 'पडशील'. तो कुणी उच्चारला की बाई मागं वळून बघत. "पडशील म्हणलं की पोरगं आधी आपल्याकडं बघतंय अन् मग पडतंय. त्यापरीस विचारा, हात कुठं? पाय कुठं? मग ते सोताच्या हातापायाकडं बघतंय." मी वहीत हे लिहून घेतलं, पण माझी जीभ सवयीची. दिवसातून चार वेळा माझ्या तोंडून तो शब्द जायचाच.

त्यांच्या दुसऱ्या वर्षी ओवी आली. चार वर्षांची, गोरीपान, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. ती शाळेत यायची ती आजीच्या कडेवर. आई-वडील दोघंही नोकरीला, त्यामुळं ओवीचा सगळा कारभार आजीकडं. आजी मूळच्या वेरूळच्या, ठेंगण्या, नऊवारीतल्या, आवाज असा की फाटकातून बोलल्या तरी ऑफिसात ऐकू यावं. ओवीला पायरी उतरायची म्हणजे दोन्ही हात भिंतीला लावावे लागत. रेघेपाशी ती उभी राहायची आणि आजीकडं हात पसरायची. पहिले पंधरा दिवस आजींनीच तिला उचलून रेघेच्या आत ठेवलं. बाईंनी अडवलं नाही. फक्त हजेरीपटावर तिच्या नावापुढं खूण करताना म्हणायच्या, "आज आजी हजर."

सोळाव्या दिवशी ओवीनं रेघ एकटीनं ओलांडली, रांगत. आजींनाच रडू आलं. त्यानंतर ती भराभर धीट होत गेली, आणि गणपतीच्या सुट्टीनंतर एका सकाळी अंगणातल्या पायरीवरून उडी मारताना तोंडावर आपटली. हनुवटी फुटली. दोन टाके पडले.

मी दवाखान्यातून परत आले तेव्हा आजी फाटकात उभ्या होत्या. "काय शाळा हाय का सर्कस? बारक्या लेकरांना उड्या मारायला लावायल्यात! तुमच्या बाईला काय पोरंबाळं हायत का नाय?"

"हायत की, आजी. दोन हायत," बाई शांतपणे म्हणाल्या. "चुकी माझी हाय. ती उडी मारायली तवा मी दुसऱ्या टोकाला होते. तिला हात आधी टेकवायचं अजून शिकवलं नव्हतं. ते आधी शिकवायला पायजे होतं."

इतकी सरळ कबुली ऐकायची आजींना सवय नसावी. त्यांनी ओवीला कडेवर घेतलं आणि त्या निघाल्या, पण ओवीच्या वडिलांचं पत्र संस्थेच्या अध्यक्षांकडं गेलं ते गेलंच. अध्यक्षसाहेब निवृत्त इंजिनिअर, माणूस वाईट नाही, पण त्यांना निकाल लगेच हवा असतो. शेजारच्या वर्गात पूर्वीपासून बाकं होती, मुलं रांगेत बसायची, तक्रार नव्हती. साहेबांनी बारा नवीन बाकं मागवली. ती येऊन व्हरांड्यात एकावर एक रचली गेली. मला ऑफिसात बोलावून त्यांनी सांगितलं, "मॅडम, तुम्ही नोंदी चांगल्या ठेवता. दोन्ही वर्गांत कोण कधी पडलं, याचं रजिस्टर करा. दिवाळीनंतर चार आठवडे. मग बैठक घेऊ. आकडे वाईट निघाले तर बाकं आत आणि बाईंना एप्रिलपर्यंतची मुदत."

त्या दिवशी मी बाईंना सगळं सांगितलं. लपवणं मला जमत नाही. त्यांनी व्हरांड्यातल्या बाकांकडं बघितलं. "लाकूड चांगलं हाय," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं एक बाक वर्गाच्या मधोमध आडवं पडलं होतं. मुलं एका बाजूनं चढून, हात पसरून, तोल सांभाळत दुसऱ्या बाजूला उतरत होती.

"बाई! ही बसायची बाकं आहेत!"

"बसतील की. चढून उतरून दमल्यावर."

मी रजिस्टर आखलं. तारीख, वर्ग, नाव, ठिकाण, वेळ. लाल पेननं समास. पहिल्या आठवड्याच्या शेवटी बेरीज केली. शेजारच्या वर्गात चार जण पडले होते. सुमनबाईंच्या वर्गात एकोणीस. मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं आणि त्या प्रामाणिकपणानंच एका चांगल्या बाईची नोकरी जाणार होती. शनिवारी दुपारी मी रजिस्टर त्यांच्यापुढं ठेवलं. त्या फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या, चष्मा लावून त्यांनी पान वरपासून खालपर्यंत वाचलं. माझ्या ओळखीत त्या पहिल्यांदाच थकलेल्या दिसल्या.

"खरं लिवलंय तुम्ही," त्या म्हणाल्या. "एक बी खोटं नाय. पण अर्धंच लिवलंय."

"अर्धं कसं? एकही पडणं सुटलेलं नाही."

"पडल्याचं लिवलं. उठल्याचं कुठंय?"

सत्तावीस वर्षं मी नोंदी ठेवत आले, आणि माझ्या रजिस्टरमध्ये तेवीस मुलं पडलेली होती आणि एकही उठलेलं नव्हतं. मी पट्टी घेतली आणि उजवीकडं आणखी एक रकाना आखला. डोक्यावर लिहिलं, 'कसं उठलं'.

सोमवारपासून मला ऑफिसात बसता येईना. रकाना भरायचा म्हणजे बघायला हवं. मी दोन्ही वर्गांच्या मधल्या दारात उभी राहू लागले. बाईंचा वर्ग पडत होता, सारखा पडत होता, पण पडताना हात आधी फरशीला लागत होते. ओवीच्या हनुवटीनंतर बाईंनी सगळ्यांना गादीवर पडायला शिकवलं होतं : हात, गुडघा, कूस. मी लिहीत गेले, 'स्वतः उठला.' 'हसत उठली.' 'हात झाडून पुन्हा बाकावर.' शेजारचा वर्ग सकाळभर नीट बसायचा. मधल्या सुट्टीची घंटा झाली की तीच मुलं दारातून एकदम सुटायची, एकमेकांवर आदळायची आणि सरळ तोंडावर जायची. त्या आठवड्यात तिथं तीनच पडली, पण तिघांनाही उचलावं लागलं, आणि तिघांसाठीही प्रथमोपचाराची पेटी उघडावी लागली. बाईंच्या वर्गात सतरा पडली, पेटी एकदा उघडली. दोन खोल्यांवरून जगाचा नियम काढायचा नसतो हे मला कळतं. पण माझ्या दोन खोल्यांत काय चाललं आहे ते मला आता दिसत होतं.

मुलांनाही रजिस्टरचा पत्ता लागला. मग ती धावत माझ्याकडं यायची. "मॅडम, मी पडलो! लिहा!" आणि मी लिहीपर्यंत हलायची नाहीत. एकानं तर नाव वहीत यावं म्हणून माझ्यासमोर येऊन मुद्दाम लोळण घेतली. मुलांना सोडणारे रिक्षावाले चाचा मला म्हणाले, "मॅडम, ये बच्चे रिक्षा में बी एकदूसरे को पूछते, हात कां है, पाव कां है. मेरा तो हसके बुरा हाल!"

आजींचं काय झालं ते वेगळंच. त्या रोज ओवीला सोडायच्या आणि पहारा दिल्यासारख्या खिडकीशी उभ्या राहायच्या. एके दिवशी बाईंनी आतून हाक मारली, "आजी, बाहेर उभं राहून काय बघायल्यात? आत या. ह्या लेकरांना उकिडवं बसता येत नाय, जरा दाखवा." आजी नको-नको करत आत आल्या, नऊवारी सावरली आणि अशा बसल्या की उठायचं नाव नाही. मुलं बघायला जमली. बाईंनी विचारलं, "वेरूळला असताना काय काय खेळायच्या?"

"खेळायचं काय त्यात? डोंगरावर चढायचो, वानरावानी. चिंचा पाडायच्या. दिवस मावळला की माय हाका मारायची."

"अन् पडायच्या का नाय?"

आजींनी पोटरीवरची एक जुनी खूण दाखवली, मग कोपरावरची, मग कपाळावरची. "ही चिंचेची. ही बोरीची. ही भावानं ढकललं त्याची." सांगता सांगता त्या एकदम थांबल्या आणि ओवीच्या हनुवटीकडं बघत राहिल्या. त्या दिवशी आजींनी पाच मुलींना फुगडी शिकवली.

बैठक बाईंच्याच वर्गात ठेवली, कारण ऑफिसात सगळे मावले नसते. अध्यक्षसाहेब, समितीचे दोन सभासद, ओवीचे वडील आणि आजी. मुलं अंगणात होती. मी रजिस्टर वाचून दाखवलं, सगळे आकडे, दोन्ही रकाने. साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, हे ठीक आहे. पण शेवटी पडण्याचे आकडे या वर्गाचेच जास्त आहेत. चौपट, पाचपट. उद्या एखाद्याचं डोकं फुटलं तर मी काय हा उठल्याचा रकाना दाखवू?"

प्रश्न चुकीचा नव्हता. मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात ओवी दारात आली. वडील दिसले म्हणून ती आनंदानं आत पळाली, मधल्या बाकावर चढली, हात पसरून चालायला लागली आणि दुसऱ्या टोकाला तिचा पाय घसरला.

सगळे उठले. ओवीचे वडील तर पुढं झेपावलेच. आणि आजींनी हात आडवा घातला. फाटकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "थांबा! कुणी हात लावू नगा. उठंल ती."

ओवीचे तळहात फरशीवर टेकलेले होते. हनुवटी वर होती. तिनं एक गुडघा घेतला, मग दुसरा, उभी राहिली आणि हात झाडले. वडिलांकडं नाही, आजीकडं नाही, ती थेट माझ्याकडं आली. "मॅडम, लिहा. मी पडले. मी उठले."

मी पेन उघडलं आणि अध्यक्षांच्या समोर दोन्ही रकाने भरले. ओवीचे वडील खाली बसून तिचे तळहात उलटेपालटे करून बघत होते. साहेबांनी वाकून ते बाक हातानं हलवून बघितलं. मग इंजिनिअरच्या आवाजात म्हणाले, "हे बाक हलतंय. पायाखाली रबर लावून घ्या. आणि एका टोकाला गादी टाका." बाकीची अकरा बाकं दुसऱ्याच आठवड्यात संस्थेच्या मोठ्या शाळेत गेली. सुमनबाईंना त्यांनी एवढंच विचारलं, "शेजारच्या वर्गालाही हे पडायचं शिकवाल का?" बाई म्हणाल्या, "शिकवते की. पर त्या बाईंना आधी खुर्ची बाहेर काढायला सांगा."

गेल्या एप्रिलमध्ये त्या निवृत्त झाल्या, आणि दिवाळीच्या तोंडावर पडेगावच्या घरी ओल्या अंगणात घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. मी भेटायला गेले ती यादी घेऊनच : वॉकर, उंच कमोड, न घसरणारी चप्पल, व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरांचा नंबर. त्या खाटेवर पडून होत्या. सून म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगा यांना. डॉक्टर चाला म्हणायलेत अन् या भिंतीकडं तोंड करून पडायल्यात." बाईंनी माझ्याकडं बघितलं, यादीकडं बघितलं नाही. "रजिस्टर आणलं का?" त्या चार आठवड्यांनंतरही मी ते चालूच ठेवलं होतं, आणि शाळेची सगळी कागदपत्रं असतात त्या पिशवीत ते होतंच. "मग लिवा. सुमन, अंगणात, ओल्या फरशीवर. शेवटचा रकाना मोकळा ठेवा. भरंल का नाय, काय सांगावं."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी असं वाक्य ऐकलं नव्हतं. मी दर रविवारी जायला लागले. वॉकर कोपऱ्यात उभा असायचा. चौथ्या रविवारी मी ज्या खुर्चीवर बसत होते ती उचलली आणि अंगणात नेऊन ठेवली. खाटेपासून दारापर्यंतची वाट मोकळी झाली. बाई ते बघत होत्या. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांनी खाटेचा काठ धरला आणि पाय खाली सोडले. पाय थरथरत होते. माझ्या जिभेवर तो शब्द आला होता, अगदी टोकावर. मी तो गिळला.

"बाई, हात कुठं?"

"खाटेवर."

"पाय कुठं?"

"फरशीवर," त्या म्हणाल्या, आणि उभ्या राहिल्या. एक श्वास, दोन श्वास. मग वॉकर पुढं सरकवून एक पाऊल. दारापर्यंत नाही, खाटेच्या दुसऱ्या टोकापर्यंतच. पण गेल्या.

मी उभ्यानंच रजिस्टर उघडलं, भिंतीला टेकवलं आणि त्यांच्या नावापुढचा मोकळा रकाना भरला : 'स्वतः उठल्या.' त्यांनी मान पुढं काढून वाचलं.

"अक्षर वाकडं आलंय, मॅडम," त्या म्हणाल्या. "खांद्यात जोर नाय तुमच्या. उद्यापासनं भिंतीवर पाण्यानं काढत जा."